अर्धापूर तालुका : भूमी, इतिहास व लोक

नांदेडहून नागपूरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर सुमारे २० किलोमीटर अंतरावर अर्धापूर हे तालुक्याचे गाव आहे. उन्हाळ्यात या रस्त्याने प्रथमच येणाऱ्या माणसास दोन्ही बाजूंच्या केळीच्या बागा पाहून नवल वाटते. कारण मराठवाडा म्हटला की ज्वारी, कापूस आणि कोरड्या विहिरी एवढेच चित्र त्याच्या डोळ्यांपुढे असते. हा पालट कसा झाला व तो कशावर टिकून आहे, हे येथे काम करणाऱ्या ग्रामसेवकाने व कृषी सहायकाने नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

येथील जमीन काळ्या दगडापासून बनलेली, बहुतांशी भारी व काळी आहे. ती ओल धरून ठेवते, उन्हाळ्यात भेगाळते आणि पाणी जास्त झाल्यास लवकर वाफशावर येत नाही. जिल्ह्याचे पर्जन्यमान सरासरी सुमारे ९०० मिलिमीटर आहे. परंतु पाऊस चार महिन्यांचा आणि केळीची तहान बारा महिन्यांची.

गाव जुने आहे. येथील केशवराजाचे मंदिर व त्यातील काळ्या पाषाणाची विष्णुमूर्ती प्रसिद्ध आहे. पुढे हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान मुक्त झाले, १९४९ साली जहागिरी नष्ट झाल्या आणि १९५० च्या कूळ कायद्याने कसणाऱ्यास संरक्षण मिळाले. मराठवाडा १ नोव्हेंबर १९५६ रोजी द्विभाषिक मुंबई राज्यात व १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आला. त्या राजवटीच्या खुणा अद्याप आहेत. जुने महसुली कागद उर्दूत आढळतात व त्यांवर फसली सन असतो. त्यात ५९० मिळविले म्हणजे साधारणपणे इसवी सन येतो. बाजारपेठेस लोक आजही मोंढा म्हणतात. मराठी व दखनी या दोन्ही बोली येथे एकाच चावडीवर ऐकू येतात, आणि कित्येक शेतकरी दोन्ही सारख्याच सहजतेने बोलतात.

त्या काळी या भागाचे नगदी पीक म्हणजे गावरानी कापूस. त्याच्या लांब धाग्याची ख्याती दूरवर होती, व नांदेडची उस्मानशाही गिरणी अशाच कापसाच्या प्रदेशात उभी राहिली.

खरा पालट पाण्याने केला. नांदेडच्या सार्वजनिक जीवनातून पुढे आलेले शंकरराव चव्हाण राज्याचे पाटबंधारे मंत्री असताना मराठवाड्यातील मोठ्या प्रकल्पांना चालना मिळाली. हिंगोली व यवतमाळ जिल्ह्यांच्या सीमेवर इसापूर येथे पैनगंगेवर मातीचे धरण बांधण्यात आले, आणि ऊर्ध्व पैनगंगा प्रकल्पाच्या कालव्याचे पाणी अर्धापूरच्या शिवारात पोचले. केळी, ऊस व हळद ही पिके वाढली ती त्यानंतर. ‘अर्धापुरी’ या नावाचे केळीचे स्थानिक वाणही प्रसिद्ध झाले. अलीकडे मात्र ऊतिसंवर्धित ग्रँड नैन रोपांकडे कल अधिक आहे.

येथे भूगोलातील एक गोष्ट विशेष ध्यानात घ्यावयास हवी. तालुक्यातील ओढ्यानाल्यांचे पाणी आसना नदीमार्गे नांदेडजवळ गोदावरीस मिळते; पण कालव्यातून येते ते पैनगंगेचे. ती नदी बुलढाणा जिल्ह्यात उगम पावते आणि वर्धा व प्राणहिता या नद्यांच्या मार्गे पुष्कळ दूर जाऊन गोदावरीस मिळते. म्हणजे अर्धापुरात पाऊस भरपूर होऊनही धरण रिते राहू शकते. केवळ आपल्या गावचे आभाळ पाहून केळीचे क्षेत्र ठरविणारा शेतकरी म्हणूनच फसतो. लागवडीपूर्वी धरणातील साठा व पाळ्यांचे वेळापत्रक पाहावे. पाळी चुकली तरी बाग तगेल एवढे विहिरीचे पाणी हाताशी नसल्यास लागवड कमी करावी. दीड मीटर बाय दीड मीटर अंतराने हेक्टरी सुमारे ४,४४४ झाडे बसतात; एप्रिल-मे महिन्यांत एवढ्या झाडांना पाणी पुरविणे ठिबकाशिवाय जड जाते.

याउलट पाणी मुबलक असते तेव्हा निराळा धोका असतो. भारी जमिनीस मोकाट पाणी दिल्याने ती पाणथळ होते, मुळ्या कुजतात, आणि कालांतराने क्षार वर येऊन जमीन चोपण बनते. करपा रोगही दाट व दमट बागेतच अधिक फैलावतो. कालव्यालगतच्या सखल शेतांत हे प्रथम दिसते. अशा ठिकाणी केळीनंतर पुन्हा ऊस न घेता तूर किंवा हरभरा घ्यावा, व शेताच्या उताराच्या बाजूस खोल चर काढून तो थेट नाल्यास जोडावा. चर बहुधा शेजाऱ्याच्या बांधावरून न्यावा लागतो. त्यासाठी दोघांचीही संमती पावसाळ्यापूर्वीच मिळवावी.