नाताळचे ताट

डिसेंबरचा मध्य उलटला, की चंद्रपूरच्या हवेत चांगलाच गारठा येतो. मूल, सिंदेवाही, ब्रह्मपुरी या भागांतील नवे धान बाजारात आलेले असते. याच दिवसांत गावातील काही घरांतून तळणाचा खमंग वास दरवळू लागतो. दिवाळी होऊन गेलेली, संक्रांत अजून दूर. मग हे तळण कशाचे? ही तयारी असते नाताळची.

चंद्रपूरचे जुने नाव चांदा. एकोणिसाव्या शतकात स्कॉटलंडमधील एपिस्कोपल चर्चने येथे मिशन स्थापन केले. पुढे कोळशाच्या खाणी आणि बल्लारपूरची कागद गिरणी यांमुळे निरनिराळ्या प्रांतांतील लोक या जिल्ह्यात येऊन राहिले. केरळातील सीरो-मलबार चर्चने 1962 मध्ये चांद्यासाठी स्वतंत्र धर्मक्षेत्र निर्माण केले. त्याचे ठाणे बल्लारपूर येथे आहे. अशा रीतीने येथील नाताळात मराठी करंजी आणि परदेशातून आलेला केक यांची गाठ पडली.

मराठी ख्रिस्ती घरातील नाताळचा फराळ पाहिला, तर तो दिवाळीच्या फराळाहून फारसा वेगळा दिसत नाही. त्याच करंज्या, तेच शंकरपाळे, त्याच चकल्या आणि तोच चिवडा. करंजीच्या सारणात खोबरे, खसखस आणि चारोळी असते. ही चारोळी मात्र दूरची नव्हे. चंद्रपूर-गडचिरोलीच्या रानांत चाराची झाडे आहेत. उन्हाळ्यात त्यांची फळे पिकली, की गोंड व माडिया स्त्रिया ती वेचून आणतात. फळे भिजवून, चोळून त्यांची साल काढावयाची, आतील बी वाळवावयाची आणि जात्यात हलक्या हाताने भरडून तिचे कठीण कवच फोडावयाचे. तेव्हा कोठे मसुरीएवढा मऊ दाणा हाती लागतो. करंजी खाताना या श्रमांची आठवण कोणालाही होत नाही, ही गोष्ट वेगळी!

‘नाताळ’ हा शब्दच मुळी पोर्तुगीज भाषेतून मराठीत आला आहे. त्या भाषेत त्याचा अर्थ जन्म. वसईवर 1534 पासून 1739 पर्यंत पोर्तुगिजांचा अंमल होता, आणि गोव्यात तर तो 1961 पर्यंत टिकला. म्हणून त्या बाजूच्या नाताळात पदार्थांची रेलचेल अधिक. तेथे काट्यावर किंवा नव्या फणीवर पिठाची गोळी दाबून, तिची वळी करून कलकल तळतात. नारळाचा रस, गूळ व तांदळाचे पीठ तासन्‌तास घोटून दोदोल करतात. आणि बिबिंका! अंड्यांचे बलक, नारळाचा रस, साखर, मैदा व तूप यांचा हा थरांचा गोड पदार्थ. एक थर ओतावयाचा, भांड्यावरील झाकणात निखारे ठेवून तो भाजावयाचा, मग त्यावर दुसरा. घाई झाली, की थर एकमेकांत मिसळलेच म्हणून समजावे.

वरून निखारे ठेवण्याची ही युक्ती चंद्रपूरच्या घरांनाही उपयोगी पडली. केक भाजावयास भट्टी लागते, आणि मराठी स्वयंपाकघरात होती ती चूल. चुलीची आच खालून लागते. भाकरीला ती पुरते, केकला पुरत नाही. तळ करपतो आणि माथा ओला राहतो. म्हणून जाड बुडाच्या पातेल्यात दोन बोटे वाळू पसरावयाची. ती तापली, की तूप लावलेल्या डब्यात केकचे पीठ ओतून तो डबा वाळूवर ठेवावयाचा, आणि जड झाकणावर निखारे रचावयाचे. वाळू आच सावकाश व सारखी पोचवते. ज्यांना एवढी खटपट नको असे, ती मंडळी डबे घेऊन गावातील बेकरीच्या भट्टीवर जात. आज बहुतेक घरांत गॅस आला आहे, विजेची भट्टीही दुर्मिळ राहिलेली नाही. तथापि वाळूच्या पातेल्यातील केकची चव ज्यांनी घेतली आहे, त्यांना ती विसरता येत नाही.

आपल्या देशात नाताळचा पहिला केक 1883 मध्ये केरळातील तलश्शेरी येथे मांबळ्ळी बापू नावाच्या बिस्किटवाल्याने भाजला, असे सांगतात. एका इंग्रज मळेवाल्याने त्याला विलायती केकचा नमुना दाखविला होता. बापूने त्यातील परदेशी मद्याऐवजी गावचीच दारू वापरली आणि केक साधला. परका पदार्थ आपलासा होतो तो असाच.

अशाच एका मराठी ख्रिस्ती घरात 24 डिसेंबरच्या दुपारी वाळूचे पातेले चुलीवर चढलेले असते. मुले भोवती घुटमळत असतात. “झाकणाला हात लावाल तर खबरदार!” असे आजी बजावते. तिचा धाक निष्कारण नसतो. अंडी फेसताना त्यांत हवेचे असंख्य बुडबुडे अडकतात. आच लागली, की ते फुगतात आणि त्यांच्याबरोबर पीठही वर येते. अंडी व मैदा शिजून घट्ट होईपर्यंत झाकण उघडले, तर गार हवा लागून केक मध्येच खाली बसतो.

सायंकाळी आजी ताटे भरावयास घेते. एका ताटात ती करंज्या, शंकरपाळे आणि नानकटाई ठेवते. केक मात्र ठेवीत नाही.

“आजी, यात केक का नाही?” नात विचारते.

“शेजारच्या काकू अंडे खात नाहीत. त्यांच्यासाठी तळणही मी सकाळी आधी काढून ठेवले आहे.”

नातीला ही गोष्ट किरकोळ वाटते. आजीला ती तशी वाटत नाही. महाराष्ट्रातील ख्रिस्ती समाजात अनेक कुटुंबे अशी होती, की ज्यांच्या पूर्वजांना गावाने अस्पृश्य ठरविले होते. त्यांच्या हातचे पाणीही कोणी घेत नसे. आणि जे वरिष्ठ मानलेल्या जातींतून ख्रिस्ती झाले, त्यांनाही अन्नाचा हा प्रश्न सुटला नव्हता. कवी नारायण वामन टिळक यांनी 1895 मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला. पुढे लक्ष्मीबाई त्यांच्याजवळ राहावयास गेल्या, तेव्हा आरंभी त्यांनी आपले सोवळे सोडले नव्हते. एकाच घरात पतीपत्नींचा स्वयंपाक निराळा! आपल्या मनाची ही ओढाताण त्यांनी ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात मोकळेपणाने सांगितली आहे.

1950 मध्ये अमलात आलेल्या राज्यघटनेने अस्पृश्यता नष्ट केली. गावची विहीर कायद्याने खुली करता येते. परंतु शेजारच्या घरची करंजी तोंडात घालावी की नाही, हे कायदा सांगू शकत नाही. ते ज्याचे त्याने ठरवावयाचे असते. आजी लहान असताना तिच्या आईने दिलेली ताटे काही दारांतून जशीच्या तशी परत आली होती. काही घरे ताट ठेवून घेत, आणि फराळ मग गाईपुढे जाई. हे तिच्या आईला ठाऊक होते. तरीही दरवर्षी ती ताट पाठवीत असे.

नात स्वच्छ रुमालाने ताट झाकून शेजारी जाते. काकू दारातच रुमाल दूर करतात, एक करंजी उचलतात आणि तेथेच उभ्या राहून खातात. “सारण झकास जमले आहे. या खेपेस चारोळी जास्त घातली वाटते?” मग त्या ताट आत नेऊन ठेवतात. रिकामे ताट परत द्यावयाचे नाही, अशी रीत आहे. आणि त्या दिवशी त्यांच्या घरात देण्याजोगे काही केलेले नसते.

तीन आठवड्यांनी, संक्रांतीच्या सकाळी, ते ताट तिळाच्या लाडवांनी भरून आजीच्या घरी येते.