साधा डेस्कटॉप की वर्कस्टेशन? खरेदीआधी एक तपासणी



बारावीनंतर मुलगी ॲनिमेशनला किंवा मुलगा व्हिडिओ एडिटिंगला गेला, की घरात पहिला प्रश्न येतो, संगणक कोणता घ्यायचा? दुकानात सांगतात, "प्रोफेशनल काम आहे ना, मग वर्कस्टेशनच घ्या." किंमत ऐकून आपण गार पडतो. म्हणून आजचा पाठ.

फरक काय?
साध्या डेस्कटॉपमध्ये बहुधा इंटेल कोअर किंवा एएमडी रायझेन प्रोसेसर असतो. वर्कस्टेशनमध्ये झिऑन किंवा थ्रेडरिपर. त्यात कोअर जास्त असतात आणि रॅम शेकडो जीबीपर्यंत वाढवता येते. बऱ्याचदा ईसीसी रॅमही असते. ती एका बिटची चूक स्वतःच पकडून दुरुस्त करते. दिवसरात्र रेंडर चालणाऱ्या स्टुडिओत याला मोल आहे.

जास्त कोअर म्हणजे जास्त वेग?
प्रत्येक वेळी नाही. ४० उत्तरपत्रिका ४ शिक्षकांनी वाटून घेतल्या, तर तपासणी लवकर संपते. पण एकच निबंध चौघांनी मिळून लिहायचा म्हटलं तर? फोटोशॉपमधली बरीच कामं या निबंधासारखी असतात. तिथे थोडेच पण वेगवान कोअर पुरतात. ब्लेंडरमधलं रेंडरिंग मात्र उत्तरपत्रिकांसारखं. त्याचे तुकडे पडतात, म्हणून जास्त कोअर आणि दमदार ग्राफिक्स कार्ड असेल तर खरंच वेळ वाचतो.

आधी मोजा, मग घ्या
माझ्या ओळखीचे एक पालक मुलाच्या वर्कस्टेशनसाठी मुदत ठेव मोडायला निघाले होते. म्हटलं, थांबा, आधी आहे तो संगणक बघू. मुलाला नेहमीचं काम सुरू करायला लावलं आणि कंट्रोल, शिफ्ट, एस्केप ही बटणं एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडला. प्रोसेसर निवांत होता. ८ जीबी रॅम मात्र काठोकाठ भरलेली आणि जुनी हार्ड डिस्क १०० टक्क्यांवर! रॅम वाढवली, एसएसडी बसवली. ठेव वाचली.

४के व्हिडिओ अडखळत असेल तर प्रॉक्सी वापरायला शिकवा. एडिटिंग हलक्या प्रतीवर करायचं आणि शेवटचा व्हिडिओ मूळ फाइलींवरून काढायचा. दाविंची रिझॉल्व्हच्या मोफत आवृत्तीतही ही सोय आहे.

मग वर्कस्टेशन कधी घ्यावं?
रोज तासन् तास रेंडर चालतं, कामाचे पैसे मिळतात आणि थांबावं लागल्यामुळे हातची कामं जातात, तेव्हा जरूर घ्या. शिकणाऱ्या मुलासाठी मात्र पुढे रॅम आणि ग्राफिक्स कार्ड वाढवता येईल असा चांगला डेस्कटॉप पुरेसा आहे. ॲपलच्या एम मालिकेतल्या आयमॅक, मॅक मिनीमध्ये रॅम नंतर वाढवता येत नाही, ती घेतानाच ठरवावी लागते.

वाचलेल्या पैशांतून रंग नीट दाखवणारा मॉनिटर, यूपीएस आणि बॅकअपसाठी वेगळी हार्ड डिस्क घ्या. वीज गेली आणि महिन्याभराचं काम उडालं, तर सर्वात महागडा प्रोसेसरही ते परत आणत नाही.