घरीं बांधावयाची फिरती पट्टा-करवत

बांधावरील साग किंवा शिवण तोडल्यावर ओंडका वखारीपर्यंत नेण्याचा खर्च पुष्कळदां फळ्यांच्या किंमतीस भारी पडतो. त्यापेक्षां करवतच ओंडक्याकडे न्यावी, हा विचार स्तुत्य आहे. दोन चाकांवरून फिरणारें पोलादी पट्टीचें अखंड पातें, त्यास चालविणारी मोटार आणि हा सर्व गाडा ज्यांवरून सरकतो ते दोन रूळ, इतकाच या यंत्राचा पसारा असतो. ओंडका जागींच राहतो व गाडा त्यावरून पुढें जातो. असें यंत्र गांवांत बांधवितां येतें. मात्र आखणींत प्रथम काय व मागाहून काय, हा विवेक हवा. तो मला नुकसान सोसून आला, म्हणून हा लेख.

माझ्या पहिल्या यंत्रावर आम्हीं परवानगीनें तोडलेल्या सागाचा दहा फुटी ओंडका चढविला. वरची बाजू कापली, ओंडका उलटा करून दुसरी कापली. वासा टोकांस सहा इंच आणि मध्यें साडेपांच इंच भरला! मोटारीची शक्ति कमी पडत असावी असें समजून मोठी मोटार आणली. तों पुढील वासा मध्यें अधिकच बारीक निघाला. अखेर रुळांवर दोरी ताणून पाहिली. जुन्या मोटारीच्या वजनानेंच रूळ मध्यें पाव इंच झुकत होते. दोन बाजूंचे दोन पाव मिळून अर्धा इंच गेला होता, आणि नव्या मोटारीच्या वजनानें झोंक वाढलाच. मोजणीची सांखळीच सदोष असेल तर तिनें मापलेलें प्रत्येक शेत चुकतें. रुळांचेंही तसेंच आहे.

तेव्हां पहिला विचार रुळांचा. ते खोल व जाड लोखंडाचे घ्यावे, दर तीन फुटांवर आडवी पट्टी जोडावी, आणि खालीं टेकू देऊन पाणसळीनें पातळी पाहावी. यंत्र फिरतें असल्यानें जमीन दर वेळीं बदलते. म्हणून ही तपासणी प्रत्येक नव्या जागीं करावी.

दुसरा विचार चाकांचा. पातें प्रत्येक चाकावर वांकतें व पुन्हां सरळ होतें. चाक जितकें लहान तितकें तें लवकर तडकतें. सव्वा इंच रुंद व सुमारें एक मिलिमीटर जाड पात्यास १९ इंचांहून लहान चाक घेऊं नये. पातें सरळ चालण्यास ओढ इतकी द्यावी लागते कीं, चाकाच्या आंसावर सुमारें ८०० किलोंचा भार येतो. सबब आंस व बेअरिंग त्या मानानें घ्यावे. काम संपतांच ओढ सैल करावी, कारण तापलेलें पातें निवतांना आखडतें.

तिसरा विचार आधाराचा. ओंडक्याच्या दोन्ही अंगांस पात्यास सुमारें पाव इंच खालीं दाबून धरणाऱ्या फिरक्या बसवाव्या. त्यांतील एक सरकती ठेवून ओंडक्याजवळ आणावी. दोहोंतील अंतर वाढलें कीं पातें खालींवर होऊन फळीवर लाटा उठतात.

मोटारीचा विचार शेवटीं. पात्याचा वेग मिनिटास सुमारें ५००० फूट असावा. १९ इंची चाकाचा परीघ जवळजवळ पांच फूट, म्हणजे चाकास मिनिटास १००० फेरे हवेत. १४४० फेऱ्यांच्या मोटारीवर ७ इंची कप्पी व चाकाच्या आंसावर १० इंची कप्पी बसविली कीं हिशेब जुळतो.

चाकें व पात्याचा रिकामा पदर जाड पत्र्यानें झांकावा. पात्याच्या रेषेंत कोणीही उभें राहूं नये. बांधावरच्या झाडांत कुंपणाची तार व खिळे रुतलेले असतात. ते आधीं शोधून काढावे.

आतां कागदाची गोष्ट. महाराष्ट्रांत साग वगैरे अनेक झाडें तोडण्यास १९६४ च्या कायद्यानें परवानगी लागते, व करवत-गिरणीस वनखात्याचा परवाना लागतो. आपलें यंत्र घरगुती आहे, अशा समजुतीवर विसंबूं नये. लोखंड खरेदी करण्यापूर्वींच वनखात्याच्या कचेरींत लेखी अर्ज देऊन लेखी उत्तर घ्यावें. तोंडी आश्वासन दप्तरांत दिसत नाहीं.

इतकें करूनही वासा वांकडा निघाल्यास मोठ्या मोटारीच्या शोधांत निघूं नये. आधीं रुळांवर दोरी ताणावी. तिला कांहीं खर्च नाहीं.