खडबडीत कडेची साक्ष

माझ्या वडिलांनी पुण्यात तीस वर्षे पुस्तकांची बांधणी केली आणि त्यांच्या हातांचे वळण माझ्याही हातांत उतरले असल्यामुळे, कागदाची विसकटलेली कड दिसली की ती सरळ कापून घ्यावी ही ऊर्मी मला उपजतच आहे. आणि याच ऊर्मीपायी २०२१ च्या मे महिन्यात, कॅनडाच्या ऑन्टारियो प्रांतातील हॅमिल्टनमधील माझ्या घरी, माझ्या मुलाच्या बालपणीच्या एका ठेव्याची माझ्याकडून अशी हानी झाली की जिची भरपाई आता कोणत्याही उपायाने होणारी नाही. जुनी हॉकी कार्डे ग्रेडिंगला, म्हणजे व्यावसायिक परीक्षकांकडे प्रतवारीसाठी, पाठवावीत की नाही अशा विचारात जे असतील, त्यांच्यासाठी तो प्रसंग लिहून ठेवीत आहे.

कार्ड होते आइस हॉकीपटू वेन ग्रेट्झ्कीचे. १९७९-८० च्या हंगामात ओ-पी-ची कंपनीने काढलेल्या ३९६ कार्डांच्या संचातील १८ व्या क्रमांकाचे, अर्थात त्याचे रूकी, म्हणजे पदार्पणाच्या हंगामातील, कार्ड. ग्रेट्झ्की आमच्या शेजारच्या ब्रँटफर्डचा, आणि त्या वेळी अवघा अठरा वर्षांचा. त्यामुळे आमच्या भागातील मुलांना तो घरचाच वाटे, आणि माझ्या मुलाने गमच्या पाकिटातून निघालेले ते कार्ड बिस्किटांच्या डब्यात इतर साठेक कार्डांसह जपून ठेवले होते. याच कार्डाची १० या सर्वोच्च प्रतवारीची एक प्रत ३७ लाख ५० हजार अमेरिकन डॉलरांना विकली गेल्याची वार्ता आली, तेव्हा तो डबा माळ्यावरून खाली उतरला.

दिव्याखाली भिंग धरून पाहिले तर चारही कोपरे बऱ्यापैकी टोकदार, निळी चौकट फारशी कुठे उडालेली नाही. फक्त उजवी कड मात्र करवतीने कापल्यासारखी, तंतू सुटलेली. मला ती अस्वच्छता वाटली. पोलादी पट्टी ठेवून, धारदार सुरीने, अर्धा मिलिमीटरही भरणार नाही इतकी पट्टी मी काढली आणि कार्ड देखणे झाले म्हणून समाधान मानले. त्याच्यासोबत आणखी अकरा कार्डे बांधून, विमा उतरवून, परीक्षणासाठी रवाना केली. कित्येक महिन्यांनी प्लास्टिकच्या बंद पेटीत, ज्याला स्लॅब म्हणतात त्यात, ते परत आले तेव्हा अंकाच्या जागी अंक नव्हता; अस्सल, परंतु फेरफार केलेले, एवढाच शेरा होता. मुलाने ते हातात घेतले, उलटसुलट केले आणि म्हणाला, “बाबा, ती कड तशीच असते.”

ती तशीच असते, हे मला पुढे सविस्तर कळले. ऑन्टारियोतीलच लंडन शहरी असलेल्या ओ-पी-ची कंपनीचे छापील ताव तारेने कापले जात, त्यामुळे तिच्या कार्डांना खडबडीत कड येई. ती कड दोष नव्हे, जन्माचा दाखला होय, आणि जाणता माणूस या काळच्या ओ-पी-ची कार्डाची कड गुळगुळीत दिसली तरच संशय घेतो. मी पुसला तो मळ नव्हता, साक्षीदार होता. बेसबॉलमधील होनस वॅगनरचे सुप्रसिद्ध टी-२०६ कार्ड, ज्याची पीएसए या संस्थेने १९९१ साली सर्वप्रथम प्रतवारी करून ८ हा अंक दिला, त्याच्याही कडा आपण कातरल्या होत्या, अशी कबुली बिल मास्ट्रो या व्यापाऱ्याने २०१३ साली न्यायालयात दिली. मात्र आपल्यासारख्यांच्या कार्डाला तेवढी सवलत मिळेल या भ्रमात राहू नये.

म्हणून कार्ड हाती आले की ते पुसू नये, दाबू नये, रंगवू नये आणि कापू तर मुळीच नये. प्रथम मापावे: या काळचे कार्ड अडीच इंच रुंद व साडेतीन इंच लांब भरले पाहिजे, कमी भरल्यास तिथेच थांबावे. मग मिलिमीटरच्या पट्टीने दोन्ही बाजूंच्या चौकटी मोजाव्यात. एकीकडे ३ आणि दुसरीकडे २ असेल तर ते प्रमाण ६०-४० झाले, साडेतीन आणि दीड असेल तर ७०-३०, आणि मग बाकी सर्व निर्दोष असले तरी ७ च्या वर आशा धरण्यात अर्थ नाही. शेवटी दिवा एकाच बाजूला ठेवून कार्ड तिरपे फिरवावे. समोरून अदृश्य असलेली बारीक सुरकुती त्या कलत्या उजेडात केसाएवढी उमटते, आणि ती एक रेघ बाकीच्या सगळ्या सौंदर्याला मागे टाकते. तीन संध्याकाळी वेगवेगळ्या मनःस्थितीत पाहावे, कारण पहिल्या संध्याकाळी डोळ्यांपेक्षा लोभ अधिक पाहतो.

यानंतर हिशेब. स्वतःला वाटलेल्या अंकातून एक वजा करून, त्या अंकाची कार्डे लिलावात प्रत्यक्ष कोणत्या भावाने विकली गेली ते पाहावे. मागितलेला भाव जमेस धरू नये. त्यातून परीक्षणाचे शुल्क, जे घोषित किमतीबरोबर चढते, जाण्यायेण्याचे विमायुक्त टपाल आणि सीमेवरची जकात वजा करावी, आणि जे उरेल त्याची तुलना तेच कार्ड आहे तसे विकून मिळणाऱ्या रकमेशी करावी. माझ्या त्या अकरा कार्डांपैकी दहा सामान्य खेळाडूंची होती. त्यांना ५ आणि ६ असे अंक मिळाले, आणि प्रत्येकावर झालेला खर्च त्याच्या किमतीहून अधिक भरला. अकरावे गॉर्डी हाऊ या नामवंत खेळाडूचे, याच संचातील १७५ व्या क्रमांकाचे, तेवढे कसेबसे आपला भार सोसू शकले. ग्रेट्झ्कीच्या रूकी कार्डाची गोष्ट मात्र निराळी आहे: त्याच्या नकला इतक्या फिरतात की मध्यम प्रतीचे असले तरी ते अस्सल असल्याचा दाखला खरेदीदाराला हवाच असतो, आणि तिथे शुल्क वाया जात नाही.

गेल्या हिवाळ्यात मिसिसागाहून एक तरुण आपल्या कॅनेडियन सासऱ्यांच्या कार्डांची वही घेऊन आला. “काका, ही सगळी पाठवू का?” असे त्याने विचारले. मी भिंग त्याच्या हाती दिले, शेजारी माझा तो अंकाविना स्लॅब ठेवला आणि आधी त्याची उजवी कड पाहायला सांगितली, मग त्याच्या वहीतील एका ओ-पी-ची कार्डाची. तो बराच वेळ दोन्हींकडे आळीपाळीने पाहत राहिला. मग त्याने वहीतून एकच कार्ड काढून वेगळ्या पाकिटात घातले आणि वही मिटली.