न चालणारा कॉम्प्रेसर : दोष कसा शोधावा?

वैशाखातील दुपारी वातानुकूलन यंत्र सुरू करावे, खोलीत वारा येऊ लागावा, परंतु तो गार मात्र नसावा, असा प्रसंग पुष्कळ घरी येतो. लगेच ‘कॉम्प्रेसर जळाला’ असे कोणीतरी सांगतो आणि मोठ्या खर्चाच्या चिंतेने घरातील वडीलधारी माणसे हवालदिल होतात. परंतु तपासणीवाचून दिलेला निकाल हा निकाल नव्हे. दोष शोधण्याची वाट सोप्याकडून कठीणाकडे जाते. तीच आम्ही येथे दाखवीत आहोत.

प्रथम यंत्राची मांडणी पाहिली पाहिजे. यंत्र बंद केल्यावर लगेच पुन्हा सुरू केले, तर नळ्यांतील वायूचा दाब समान झालेला नसतो व त्या दाबाविरुद्ध कॉम्प्रेसरला उठता येत नाही. म्हणून निदान तीन मिनिटे थांबावे. थर्मोस्टॅटचा आकडा खोलीच्या तपमानाहून खाली आहे ना, हेही पाहावे. खोली आधीच पुरेशी गार असेल, तर कॉम्प्रेसर न चालणे हा दोषच नव्हे.

नंतर विजेचा दाब पाहावा. आपल्याकडे तो २३० व्होल्ट असावा लागतो. तो १८० वर उतरला, तर मोटार उठविण्याचे बल सुमारे ६१ टक्केच उरते. कारण हे बल दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते.

यापुढे कानांनी काम करावे. कॉम्प्रेसर थोडा वेळ घुमून ‘टक्’ आवाजाने गप्प होत असेल, तर वीज पोचते आहे, पण मोटार उठत नाही, असे समजावे. येथे बहुधा कपॅसिटर दोषी असतो. जात्याचा खुंटा केवळ पुढेमागे ओढला, तर जाते नुसते हलते. बाजूचा रेटा मिळाला, म्हणजेच ते गरगर फिरते. एका फेजच्या मोटारीला हा बाजूचा रेटा कपॅसिटर देतो. त्याची मोजलेली क्षमता छापील आकड्याहून बरीच कमी भरली, तर तो बदलावा. कपॅसिटर चांगला असूनही मोटार उठत नसेल, तरच तिचा आतील भाग अडकल्याची शंका घ्यावी.

मुळीच आवाज नसेल, तर रिले, तुटलेली तार किंवा मोटारीची वेटोळी तपासावी लागतात. मोटारीला सी, आर व एस अशी तीन टोके असतात. सी–आर १.५ ओहम व सी–एस ३.५ ओहम असेल, तर आर–एस ५ ओहम भरले पाहिजे. बेरीज जुळली व कोणतेही टोक धातूच्या कवचाशी जोडलेले आढळले नाही, तर वेटोळी बहुधा शाबूत आहेत. आर–एस मध्ये वाचन मिळते, पण सी शी काहीच मिळत नाही, असे झाल्यास घाई करू नये. तापलेल्या मोटारीतील रक्षक स्विच उघडलेला असू शकतो. काही तास निवू देऊन पुन्हा मोजावे. इन्व्हर्टर जातीच्या यंत्रांत मात्र मोटार तीन फेजची असते व ही बेरीज तेथे लागू पडत नाही.

विद्यार्थिमित्रांनो, एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. वीज बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये भार साठून राहतो व त्याचा झटका प्राणावर बेतू शकतो. म्हणून यंत्राचे झाकण तुम्ही कधीही उघडू नये. ते काम जाणत्या कारागिराचे आहे. थांबणे, पाहणे, ऐकणे आणि योग्य प्रश्न विचारणे एवढे मात्र तुमच्या हाती आहे.

आमच्या परिचयाच्या एका घरी नवा कॉम्प्रेसर घ्यावयाचे ठरले होते. घरातील मुलीने कारागिरास नम्रपणे विचारले, “काका, कपॅसिटर मोजून पाहिलात का?” तो मोजला, तेव्हा निकामी निघाला. तेवढा बदलताच यंत्र चालू झाले आणि मोठा खर्च वाचला. कारण न शोधता उपाय करू नये, हाच धडा त्या प्रश्नाने सर्वांस दिला.