पहिला कॅमेरा : नवशिक्याने काय पाहून घ्यावा ?

घरातील मुलाने किंवा मुलीने छायाचित्रणाचा छंद धरला, की आज ना उद्या चांगल्या कॅमेऱ्याची मागणी पुढे येते. वडीलधाऱ्यांना त्यातले फारसे कळत नाही आणि दुकानदार तर दोन पायऱ्या वरचाच माल दाखवितो. मग हप्त्यांवर महाग वस्तू घरात येते व वर्षाच्या आत कपाटात जाऊन बसते. कष्टाचा पैसा असा अडकू नये, एवढ्याच हेतूने ही थोडी माहिती देत आहे.

कॅमेऱ्याची रचना

डिजिटल एस. एल. आर. कॅमेऱ्यात भिंगातून आलेला प्रकाश आतल्या तिरप्या आरशावर पडून वर वळतो व आपल्या डोळ्यास दिसतो. कळ दाबताच आरसा उचलला जातो, पडदा उघडतो आणि तोच प्रकाश मागील संवेदकावर पडतो. पूर्वी जे काम फिल्म करीत असे, ते येथे संवेदक करतो. एक हजार अमेरिकी डॉलरांच्या आतील असा पहिला कॅमेरा कॅननने २००३ साली आणला. त्याचे नाव ३०० डी. त्यानंतर ही वस्तू हौशी माणसाच्या आवाक्यात आली. आता मोठ्या कंपन्यांचे लक्ष आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांकडे वळले आहे. निकॉन डी ३५०० सारख्या नवशिक्यांच्या आवडत्या कॅमेऱ्याचे उत्पादनही बंद झाले आहे. मात्र यामुळेच असे कॅमेरे वापरलेल्या स्थितीत मिळतात, आणि शिकण्यासाठी ते आजही पुरेसे आहेत.

मेगापिक्सेलचा हिशेब

डी ३५०० चे चित्र सुमारे ६००० × ४००० बिंदूंचे, म्हणजे २४ मेगापिक्सेलचे असते. उत्तम छपाईस एका इंचात ३०० बिंदू लागतात असे धरले, तर ६००० भागिले ३०० म्हणजे २० इंच, आणि ४००० भागिले ३०० म्हणजे १३ इंचांहून थोडे अधिक. घरात एवढे मोठे चित्र आपण कितीदा लावतो ? जुन्या सहा मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यातूनही १० × ६॥ इंचांचे चित्र स्वच्छ निघते. म्हणून केवळ या आकड्यासाठी अधिक पैसे मोजू नयेत.

भिंगाचे महत्त्व

अशा कॅमेऱ्याबरोबर बहुधा १८–५५ मि. मी. चे भिंग येते. दिवसा, उघड्यावर ते चांगले काम देते. परंतु ५५ वर नेल्यास त्याचे तोंड एफ ५.६ पलीकडे उघडत नाही. याउलट ५० मि. मी., एफ १.८ हे साधे भिंग त्याच्या नऊ पटींहून अधिक प्रकाश आत घेते. नवरात्रातील गरब्याचे उदाहरण घ्या. पहिल्या भिंगास जेथे १/१५ सेकंद लागेल, तेथे दुसऱ्यास १/१२५ सेकंद पुरेल. पहिल्या चित्रात फिरणारी मुलगी पुसट होईल. दुसऱ्यात तिचा चेहरा ओळखू येईल. तेव्हा कॅमेरा एक पायरी खालचा घ्यावा व वाचलेल्या पैशांत असे भिंग घ्यावे. मात्र डी ३५०० सारख्या निकॉनमध्ये फोकस करणारी मोटर नसते. ती भिंगातच आहे ना, हे विचारून घ्यावे.

वापरलेला कॅमेरा घेताना

१. पडदा किती वेळा उघडला, ही संख्या विचारावी.

२. भिंग उजेडासमोर धरून आत पाहावे. कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी दिसल्यास घेऊ नये. आपल्याकडील पावसाळी हवेत ती वाढते.

३. एफ १६ वर निरभ्र आकाशाचे चित्र काढावे. काळे ठिपके दिसले तर संवेदकावर धूळ आहे. ती साफ करता येते, पण किंमत त्या मानाने कमी करून घ्यावी.

४. कॅमेरा दहा मिनिटे हातात धरून डोळ्यास लावावा. बोटे अवघडत असतील, तर तो आपल्यासाठी नव्हे.

५. मूळ पावती मागावी व तिच्यावरील क्रमांक कॅमेऱ्यावरील क्रमांकाशी ताडून पाहावा.

आपल्या गावची दोन उदाहरणे

भारताच्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला यांनी उतारवयातील अनेक वर्षे वडोदऱ्यात घालविली आणि २०१२ साली येथेच त्यांचे निधन झाले. स्वातंत्र्याच्या काळातील दिल्लीची त्यांची चित्रे सर्वांना ठाऊक आहेत. त्या जो रोलीफ्लेक्स कॅमेरा वापरीत, त्याचे भिंग बदलता येत नसे आणि एका फिल्मवर अवघी बारा चित्रे निघत. दुसरे उदाहरण महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या ललितकला विद्याशाखेतील चित्रकार श्री. ज्योती भट्ट यांचे. खेड्यापाड्यांतील भिंतींवरची व अंगणातली लोककला नाहीशी होत आहे, हे ओळखून त्यांनी वर्षानुवर्षे तिची छायाचित्रे घेतली. २०१९ साली त्यांना पद्मश्री मिळाली. काय टिपावयाचे, हे या दोघांना आधी ठाऊक होते. साधन त्यामागून आले.

पहिल्या महिन्याचा अभ्यास

१८–५५ चे भिंग ३५ वर ठेवावे आणि महिनाभर ते हलवू नये. विषय लहान दिसला तर आपणच पुढे जावे. सकाळी सयाजीबागेत झाडांची सावली, संध्याकाळी सूरसागरच्या पाण्यावरील उजेड, दुपारी मांडवीतील गर्दी, असे तीन प्रकारचे प्रकाश अभ्यासावेत. रोज बाराच चित्रे काढावीत. प्रत्येकाचा वेग, एफ आकडा व आय. एस. ओ. वहीत लिहून, बिघडलेले चित्र का बिघडले हे शेजारी नोंदवावे. ही वही महिनाभर नेमाने भरली, तर मुलाची हौस खरी आहे असे समजावे, आणि मगच मोठ्या खर्चाचा विचार करावा.

त्यासाठी प्रथम कॅमेरा विकत घेण्याचीही गरज नाही. आपल्या सभासदांपैकी कित्येकांच्या कपाटात जुना कॅमेरा पडून असेल. तो एखाद्या होतकरू विद्यार्थ्यास महिनाभर द्यावा. त्याबदली त्याने घरातील आजी-आजोबांचे एक स्वच्छ चित्र काढावे आणि मागे नाव व तारीख लिहून द्यावे. नाव न लिहिलेले चित्र पन्नास वर्षांनी कोणाचे, हे घरातल्यांनाही सांगता येत नाही.