इंग्रजीचा तास, एक फोन आणि कानांची तयारी

महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी शिकवलं जातं. म्हणजे मराठी माध्यमातलं मूल सातवीत येतं तेव्हा त्याची इंग्रजीची सहा वर्षं झालेली असतात. तरीही पुस्तकात वाचता येणारं वाक्य कुणी बोलून दाखवलं की तेच मूल गोंधळतं. बहुतेक वर्गांत बाई किंवा सर एक वाक्य वाचतात आणि लगेच मराठीत अर्थ सांगतात. मुलांना हे ठाऊक असल्यामुळे ती इंग्रजी वाक्याकडे कान देतच नाहीत, मराठी अर्थ येईपर्यंत थांबतात. हा क्रम मोडायचा असेल तर अर्थ लावायचं काम मुलांवर सोपवावं लागतं. त्यासाठी प्रोजेक्टर किंवा स्मार्ट टीव्ही लागत नाही. शिक्षकाचा फोन आणि एक छोटा ब्लूटूथ स्पीकर पुरतो. पुढची पद्धत सहावी ते आठवीच्या वर्गासाठी आहे.

आदल्या दिवशी पाच-सहा वाक्यांचा उतारा तयार करा. बालभारतीच्या पुस्तकातला पाठ जसाच्या तसा घेऊ नका, कारण तो मुलांच्या समोर उघडाच असतो. पाठातलेच शब्द घेऊन गावातला प्रसंग लिहा. उदाहरणार्थ: ‘माय अंकल ग्रोज अनियन्स. लास्ट यीअर ही गॉट अ गुड प्राइस, सो ही बॉट अ पंप. धिस यीअर द रेन केम लेट.’ अशीच आणखी दोन-तीन वाक्यं जोडा. सगळ्या उताऱ्यात नवे शब्द दोन, फार तर तीन. त्याहून जास्त झाले की मुलं ऐकणं सोडून देतात.

आता हा उतारा स्वतःच्या आवाजात फोनवर रेकॉर्ड करा. पंखा बंद ठेवा आणि फोन तोंडापासून वीतभर लांब धरा. मुलांना समजावं म्हणून एकेक शब्द सुटा करून बोलण्याचा मोह होतो, तो टाळा. खऱ्या बोलण्यात ‘गॉट अ गुड’ मधला ‘अ’ आधीच्या शब्दाला चिकटून जातो, आणि आपल्या मुलांचा नेमका तोच निसटतो. वेग नेहमीचा ठेवा, फक्त दोन वाक्यांच्या मधे श्वासभर थांबा. आपला उच्चार साहेबी नाही म्हणून संकोच करणारे शिक्षक पुष्कळ भेटतात. स्पष्ट आणि सलग बोललेलं भारतीय इंग्रजी शाळेत अगदी चालतं.

वर्गात पहिल्यांदा वह्या बंद. कांदा, पाऊस, पंप यांची चित्रं फळ्यावर काढा, नवे शब्द सांगा आणि उतारा एकदा नुसता ऐकवा. दुसऱ्यांदा ऐकवताना मुलांनी सापडतील तेवढे शब्द टिपायचे. पूर्ण वाक्य लिहायला वेळ मिळत नाही, आणि मिळू द्यायचाही नाही. मग चार-चार जणांचे गट करा आणि टिपलेल्या शब्दांवरून उतारा पुन्हा उभा करायला सांगा. या पद्धतीला डिक्टोग्लॉस म्हणतात. ऑस्ट्रेलियातल्या रूथ वाजनरिब यांनी १९९० च्या ‘ग्रामर डिक्टेशन’ या पुस्तकात ती सविस्तर मांडली. शुद्धलेखनाच्या श्रुतलेखनात मूल ऐकलेलं जसंच्या तसं उतरवतं. इथे त्याला वाक्य नव्याने रचावं लागतं.

खरं शिक्षण गटांनी उतारा उभा करण्याच्या पंधरा मिनिटांत होतं, म्हणून इथे घाई करू नका. एखादा गट ‘लास्ट यीअर ही गेट गुड प्राइस’ असं लिहितो. शेजारचा म्हणतो, ‘गेट नाही, गॉट ऐकलं मी.’ तिसरी मुलगी विचारते की मधे काहीतरी बारीक होतं, ते काय? हा वाद मराठीत झाला तरी हरकत नाही. उत्तर तुम्ही देऊ नका, तेवढंच वाक्य पुन्हा लावा. फोनचा खरा उपयोग इथे आहे: तेच वाक्य, त्याच सुरात, न कंटाळता, हवं तितक्या वेळा. शेवटी मूळ उतारा फळ्यावर लिहा आणि प्रत्येक गटाला आपल्या वाक्यांतला फरक खुणा करून शोधू द्या. ‘लास्ट यीअर’ आलं की क्रियापद बदलतं आणि ‘गुड प्राइस’ च्या आधी ‘अ’ येतो, हे त्या क्षणी सांगितलेलं लक्षात राहतं. मराठीत ‘चांगला भाव’ म्हणताना असं काही लागत नाही, म्हणून ही चूक वारंवार होणार हे धरूनच चाला. एका तासाला व्याकरणाचा एकच मुद्दा घ्या.

दुसऱ्या दिवशी बोलणं. न्यूझीलंडचे भाषाशिक्षणतज्ज्ञ पॉल नेशन यांनी चार-तीन-दोन हा सराव शिक्षकांपर्यंत नेला. एकच गोष्ट आधी चार मिनिटांत, मग नव्या जोडीदाराला तीन आणि शेवटी तिसऱ्याला दोन मिनिटांत सांगायची. आपल्या मुलांना चार मिनिटं झेपत नाहीत, तेव्हा दोन, दीड आणि एक मिनिट ठेवा. दोन रांगा समोरासमोर उभ्या करा, दर फेरीला एक रांग एक पाऊल सरकेल. विषय कालच्याच उताऱ्यातला: घरचं पीक, घरचं जनावर, घरचं दुकान. तिसऱ्या फेरीत अडखळणं कमी झालेलं स्पष्ट ऐकू येतं. बोलणाऱ्याला मधे थांबवून चूक सुधारू नका.

आठवड्यातून एकदा एखादं कोडंही द्या. एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात दक्षिण भारतातल्या शाळांत जो बंगळूर प्रकल्प चालवला, त्यात मुलं वेळापत्रकं आणि नकाशे वाचून प्रश्न सोडवत आणि ते करता करता इंग्रजी शिकत. आपल्याकडे एसटी स्टँडवरच्या वेळापत्रकाचा फोटो काढा, त्यातल्या दहा गाड्या फळ्यावर लिहा आणि इंग्रजीतून विचारा: अकराच्या आत साताऱ्याला पोचायचं आहे, कोणती गाडी धरू? उत्तर एका शब्दात आलं तरी स्वीकारा, नंतर तेच पूर्ण वाक्यात म्हणून दाखवा.

उच्चारासाठी फोनच्या कीबोर्डवरचं बोलून टाइप करण्याचं बटण वापरता येतं, पण जपून. लांब वाक्य बोललं की फोन संदर्भावरून अंदाज बांधतो आणि चुकीचा उच्चारही बरोबर लिहितो. म्हणून ‘शिप’ आणि ‘शीप’ सारख्या जोड्या सुट्ट्या बोलायला लावा आणि फोन काय लिहितो ते बघा. फोनने चुकीचं लिहिलं म्हणजे मूल चुकलंच असं मात्र धरू नका. आपले कानही लावा. वाचनासाठी गुगलचं रीड अलाँग चांगलं आहे, गोष्टी एकदा उतरवून घेतल्या की इंटरनेट नसलं तरी चालतं. उतारे लिहायला एआयची मदत घेतलीत तर कोणते शब्द चालतील ते आधी सांगा आणि आलेला मजकूर स्वतः वाचून दुरुस्त करा. मुलांची नावं आणि आवाज अशा ठिकाणी टाकू नका.

शब्द टिकवायला मात्र कागदाची कार्डं उत्तम. सेबास्टियन लाइटनर यांनी १९७२ साली मांडलेली खोक्यांची रीत सोपी आहे: पहिलं खोकं रोज, दुसरं दोन दिवसांआड, तिसरं आठवड्याला. शब्द आठवला की कार्ड पुढच्या खोक्यात, चुकला की परत पहिल्यात. जुन्या वहीच्या पुठ्ठ्याची कार्डं आणि काड्यापेट्यांची खोकी मुलं आनंदाने बनवतात. कार्डावर सुटा शब्द नको, उताऱ्यातलं अख्खं वाक्य असावं आणि त्यात तो शब्द गाळलेला असावा.

दुसऱ्या सत्रात उतारे मुलांकडूनच लिहून घ्या. एका गटाने पाच वाक्यं रचायची, तुम्ही ती तपासायची, गटातल्या एकाने फोनवर बोलायची आणि बाकीच्या वर्गाने ऐकून मांडायची. नीट ऐकू आलं नाही तर वर्गाने काय म्हणायचं ते आधी शिकवून ठेवा: ‘वन्स मोअर, प्लीज.’